पेटीतल्या बाळासाठी आई-बाबांनी काय करायचं

बाळ ठरल्या तारखेच्या कितीतरी आधी आलं. एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) पेटीत, म्हणजे इन्क्युबेटरमध्ये ठेवलं. सिस्टर म्हणाल्या, "आत हात घालून भेटा." पण हात नेमका कुठे ठेवायचा, किती वेळ, आणि कधी काढायचा, हे सांगायचं गडबडीत राहून जातं. मग काही पालक काचेबाहेर नुसते उभे राहतात, तर काही बाळाच्या हातापायांवरून हळुवार बोटं फिरवत बसतात. या दुसऱ्या प्रकाराने बाळ शांत होण्याऐवजी दमतं, हे पुष्कळांना माहीतच नसतं.

श्वास, औषधं, संसर्ग हे डॉक्टरांचं काम. झोप, अंगाची ठेवण, दुखताना मिळणारा आधार, ओळखीचा वास आणि दूध यांत मोठा वाटा तुमचा आहे. पुढचं सगळं त्याबद्दलच. तुमच्या बाळासाठी डॉक्टरांनी वेगळी सूचना दिली असेल तर ती आधी पाळायची.

जवळ काय काय ठेवायचं

- पुढून उघडणारा सैल कपडा, आईसाठी आणि बाबांसाठीही
- बाळाला छातीशी बांधायला मऊ, थोडं ताणलं जाणारं लांब कापड
- बाळाच्या मापाची टोपी आणि मोजे (अंदाजाने मोठे आणू नका, टोपी डोळ्यांवर घसरते)
- तळहाताएवढे सुती कापडाचे दोन तुकडे, वासासाठी
- १ मिली आणि ५ मिलीच्या निर्जंतुक सिरिंज, दुधाच्या स्वच्छ बाटल्या, लेबलं, पेन
- एक वही

१. वजनाआधी आठवडे विचारा

नातेवाईक वजन विचारतील. तुम्ही गर्भारपणाचे आठवडे लक्षात ठेवा, कारण बाळाच्या शरीराची काय तयारी झाली आहे ते आठवड्यांवरून कळतं. ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेलं बाळ अकाली, ३२ च्या आत फार लवकरचं, २८ च्या आत अतिशय लवकरचं. २८ व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ दोन आठवड्यांचं झालं, की आज ते ३० आठवड्यांचं आहे असं धरायचं.

स्पर्श सगळ्यात आधी जागा होतो, नजर सगळ्यात शेवटी. बाळ आवाजाला साधारण २५ ते २८ आठवड्यांच्या सुमारास प्रतिसाद देऊ लागतं. डोळ्यांची बाहुली मात्र ३० आठवड्यांपर्यंत उजेडात नीट आकसत नाही आणि पापण्याही पातळ असतात, त्यामुळे डोळे मिटले तरी उजेड आत जातो. २८ आठवड्यांच्या बाळाच्या स्नायूंत ताण जवळजवळ नसतो, हातपाय गादीवर सांडल्यासारखे पडतात. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ ३२ ते ३४ आठवड्यांच्या आसपास बसू लागतो. "अजून तोंडाने दूध का देत नाहीत?" या रोजच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं.

२. हात, आणि मोबाइल

अंगठी, घड्याळ, बांगड्या काढा, बाह्या कोपरापर्यंत वर करा. साबणाने ४० ते ६० सेकंद हात धुवा: बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखांच्या कडा, मनगट. हात पूर्ण कोरडे करा आणि चोळून गरम करा, कारण गार हाताने बाळ दचकतं. हात धुतल्यावर मोबाइलला हात लावला तर धुणं फुकट गेलं. चूक इथेच सगळ्यात जास्त होते: हात धुतले, फोटो काढला, हात पेटीत.

सर्दी, ताप, जुलाब किंवा हातावर फोड असेल तर लपवू नका, आत जाण्याआधी सिस्टरना सांगा.

३. मॉनिटरकडे नाही, बाळाकडे बघा

पहिले काही दिवस नजर आकड्यांवर खिळते. एक गोष्ट समजून घेतली की जीव थोडा भांड्यात पडतो. ऑक्सिजनवर असलेल्या अकाली बाळासाठी १०० टक्के हे ध्येय नसतंच. साधारण ९० ते ९५ च्या पट्ट्यात ठेवतात, कारण जास्त ऑक्सिजनने डोळ्यांच्या पडद्याला इजा होऊ शकते. अलार्म वाजला की आधी बाळाचा रंग आणि छातीची हालचाल बघा. कितीदा तरी पायावरचा प्रोब (ऑक्सिजन मोजणारा सेन्सर) सरकलेला असतो. पण रंग फिका किंवा निळसर दिसला, छाती हलताना दिसली नाही, तर क्षणभरही न थांबता सिस्टरना हाक मारा.

बाळ बोलत नाही, पण सांगतं बरंच.

"पुरे" अशा अर्थाच्या खुणा: बोटं पंख्यासारखी फाकणं, तळवा पुढे करून हात वर येणं, पाय ताठ ताणणं, पाठ मागे वाकवणं, भुवया वर चढणं, चेहरा वळवणं. जांभया, उचक्या आणि शिंकाही यात येतात. मोठ्या बाळाची जांभई झोपेची असते. २९ आठवड्यांच्या बाळाची पुष्कळदा "झेपत नाही" अशी असते. अंग एकदम लुळं पडलं तर त्याला शांत झालं समजू नका, ते थकून गेलेलं असू शकतं.

"चालेल, थांबा" अशा अर्थाच्या खुणा: श्वास एका लयीत, रंग तोच, हात तोंडाकडे, बोट धरून ठेवणं, कपाळ सैल, डोळे उघडले तर शांत नजर.

वहीत दोन रकाने करा आणि तुमच्या बाळाच्या खुणा लिहा. प्रत्येक बाळाची एखाद-दुसरी खूण अगदी त्याची स्वतःची असते. आठवडाभरात ती तुम्हाला पाळी बदलून आलेल्या सिस्टरपेक्षा चांगली ओळखू येते, आणि राउंडच्या वेळी सांगता येते.

४. पहिला स्पर्श: हात फिरवायचा नाही, ठेवायचा

आधी हळू आवाजात बोला. मग एक तळवा बाळाच्या डोक्यावर वाटीसारखा ठेवा, दुसऱ्या हाताने दुमडलेले पाय आणि ढुंगण कवेत घ्या. वजन टाकायचं नाही, पण हात अधांतरीही ठेवायचा नाही. भरलेला, स्थिर स्पर्श. आता काहीही करू नका.

पहिल्या अर्ध्या मिनिटात बाळ बहुधा हलेल: एक पाय ताणेल, बोटं फाकतील. पालक इथे घाबरून हात काढतात. काढू नका, फक्त स्थिर राहा. ताणलेला पाय तुमच्या तळव्याला टेकतो, त्याला कड सापडते, आणि तो हळूहळू परत दुमडतो. मग बोटं मिटतात. श्वास एकसारखा होतो. गर्भाशयात प्रत्येक हालचालीला भिंत होती. तुमचा हात ती भिंत आहे. दोन-तीन मिनिटांनंतरही खुणा "पुरे"च्याच असतील तर आजची भेट तेवढीच.

काढतानाही एकदम उचलू नका. आधी पायांकडचा हात हलका करा, थांबा, मग डोक्याकडचा. हात झटकन निघाले की बाळ दचकून हातपाय फेकतं आणि सगळी शांतता वाया जाते.

बोटांच्या टोकांनी हलकं कुरवाळणं, थोपटणं, टाळूवर बोट फिरवणं हे सध्या नको. फार लवकर जन्मलेल्या बाळाची मज्जासंस्था अशी बारीक, सतत बदलणारी संवेदना गाळून टाकू शकत नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट करा: हात ठेवला असेल तर बोलणं थांबवा, बोलत असाल तर डोळ्यांत बघायचा हट्ट नको.

५. आवाज, उजेड, झोप

एनआयसीयूतला आवाज ४५ डेसिबलच्या आत असावा अशी शिफारस आहे. आपलं साधं बोलणंच ६० च्या आसपास जातं. पेटीच्या छतावर बाटली किंवा फाइल ठेवणं, काचेवर टकटक करणं, झडप धाडकन लावणं, यांचा दणका आत फार मोठा बसतो. झडप दोन बोटांनी खटका दाबून धरून लावायची. पेटीवर टेबलासारखं काही ठेवायचं नाही. फोन किंवा स्पीकर आत ठेवून गाणी लावायची नाहीत. तुमचा खालच्या पट्टीतला आवाज पुरतो. पुस्तक वाचा, गुणगुणा, पण पाच-दहा मिनिटं, आणि खुणा बघत.

पेटीवर आच्छादन असेल तर ते परस्पर काढू नका. पूर्ण काढल्याने एकदम उजेड पडतो, म्हणून फक्त बघायच्या बाजूची कड उचला.

या वयात मेंदूची बरीच बांधणी झोपेत होते, आणि झोपेचं एक आवर्तन साधारण तासाभराचं असतं. त्यामुळे तुम्ही आलात म्हणून झोपलेल्या बाळाला उठवू नका. डायपर, तापमान, फीड या वेळा सिस्टरना विचारून घ्या आणि भेट त्याला जोडून ठेवा. सगळी कामं एकाच दमात उरकणंही बाळाला जड जातं, मध्ये मिनिटभर हात ठेवून थांबायला हवं. तेवढं थांबायला पालकाला वेळ असतो, म्हणून ते काम तुम्ही मागून घ्या.

६. घरटं आणि डायपर

गुंडाळलेल्या कापडाची कड बाळाभोवती करतात त्याला घरटं म्हणतात. त्यात हे बघायचं: खांदे थोडे पुढे, हात चेहऱ्याजवळ, गुडघे पोटाकडे, पायाच्या तळव्यांना टेकायला कड. हात दोन्ही बाजूंना इंग्रजी डब्ल्यूसारखे आणि मांड्या दोन्ही बाजूंना सपाट पसरलेल्या दिवसेंदिवस राहिल्या, तर पुढे हात मध्यभागी आणणं, रांगणं यात अडचण येऊ शकते. कड दूर सरकून बाळ मध्ये सपाट पडलेलं दिसलं तर सिस्टरना दाखवा.

पहिले ७२ तास विशेष जपायचे. मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोका फार लवकर जन्मलेल्या बाळांना याच काळात सर्वाधिक असतो, म्हणून अनेक ठिकाणी डोकं सरळ मध्यरेषेत ठेवतात आणि कमीत कमी हलवतात. याच कारणाने डायपर बदलताना दोन्ही पाय धरून ढुंगण वर उचलायचं नाही, त्याने रक्त डोक्याकडे ढकललं जातं. बाळाला सावकाश कुशीवर करा, पाय दुमडलेलेच ठेवा, जुना डायपर आत गुंडाळून नवा सरकवा. एकाने बदलायचं, दुसऱ्याने डोकं आणि हात धरायचे.

७. कांगारू: छातीशी, कातडीला कातडी

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो याला. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ मध्ये पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून डॉ. एदगार रे यांनी बाळांना आईच्या छातीशी ठेवायला सुरुवात केली. आज ती नाइलाजाची सोय राहिलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशीनुसार अकाली किंवा कमी वजनाच्या बाळाला जन्मानंतर शक्य तितक्या लवकर कांगारू द्यावं, रोज ८ ते २४ तास. आपणहून श्वास न घेणारं, शॉकमध्ये असलेलं किंवा व्हेंटिलेटरवरचं बाळ याला अपवाद. काही ठिकाणी स्थिर झालेल्या व्हेंटिलेटरवरच्या बाळालाही देतात, तो निर्णय डॉक्टरांचा. नाकातली नळी, सलाईन किंवा सीपॅप (नाकावाटे दाबाने हवा देणारं यंत्र) असणं ही आपोआप अडचण नाही. म्हणून "कधी देणार?" असं विचारण्यापेक्षा "आज न देण्याचं कारण काय?" असं विचारा. उत्तर नेमकं मिळतं.

आधी: अंघोळ केलेली, अत्तर-पावडर काही नाही. लघवीला जाऊन या, पाणी प्या, फोन बंद. किमान तासभर, शक्यतो दोन तास मोकळे ठेवा. उचलून नेणं-आणणं हाच बाळाला त्रास असतो. वीस मिनिटांसाठी तो द्यायचा नाही.

उचलताना: एकजण नळ्या-वायरी सांभाळेल, दुसरा बाळ. उभं राहून पेटीवर वाका, एक हात मान-डोक्याखाली, दुसरा ढुंगणाखाली, बाळ दुमडलेलंच ठेवून छातीशी आणा, आणि मग मागे खुर्चीत बसा. खुर्ची थोडी मागे रेललेली हवी. वायरी खांद्यावर चिकटवून घ्या, लोंबत्या ठेवू नका.

ठेवताना: बाळ उभं, दोन्ही स्तनांच्या मध्ये. अंगावर फक्त डायपर, टोपी, मोजे. डोकं एका बाजूला, हनुवटी किंचित वर. हनुवटी छातीला टेकली की श्वासनलिका दबते, मान फार मागे गेली तरी तेच होतं. पाय बेडकासारखे दुमडलेले, हात तोंडाजवळ. कापडाची वरची कड बाळाच्या कानाखाली येईल एवढी, छातीवर घट्ट, पोटावर सैल.

पहिली दहा-पंधरा मिनिटं आकडे वरखाली होतात. उचलल्याचा तो परिणाम असतो, बाळ बहुधा सावरतं. नाहीच सावरलं तर सिस्टर परत ठेवतील, उद्या पुन्हा बघायचं. दर पंधरा मिनिटांनी चार गोष्टी पाहा: नाक मोकळं, मान सरळ, रंग गुलाबी, पाय गरम. तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवं. डोळा लागतोय असं वाटलं तर आधी सिस्टरना सांगा. बाळ बांधलेलं आणि मॉनिटर चालू असेल याची त्या खात्री करतील.

बाबांनीही हे करायचं आहे. आईची शस्त्रक्रिया झाली असेल तर सुरुवात बाबांनीच केलेली बरी.

तुम्ही नसताना: सुती तुकडा काही तास छातीशी ठेवा, मग परवानगी घेऊन बाळाजवळ. दुसरा तुकडा तुमच्यापाशी. रोज अदलाबदल करा. बाळाला आईचा वास मिळतो, आणि बाळाच्या वासाने आईला पान्हा फुटायला मदत होते. तुकडा बाळाच्या नाकातोंडावर कधीही यायला नको.

८. दूध: बाळ पीत नसलं तरी काढायचं

पहिल्या काही तासांतच सुरुवात करा, सहा तासांच्या पुढे जाऊ देऊ नका. पहिला चीक थेंबाथेंबाने येतो, पंपाला चिकटून वाया जातो, म्हणून हाताने काढून १ मिलीच्या सिरिंजमध्ये भरा. पूर्ण सिरिंज भरली नाही म्हणून टाकून देऊ नका. नळीने फीड सुरू व्हायच्या आधीही तो उपयोगी पडतो: डॉक्टर हो म्हणाले तर दर तीन-चार तासांनी प्रत्येक गालात ०.१ मिली, म्हणजे दोनेक थेंब.

२४ तासांत ८ ते १२ वेळा काढायचं, रात्री एकदा तरी. दूध तयार करणारं संप्रेरक रात्री जास्त असतं. दोन आठवड्यांच्या सुमारास रोज ५०० ते ७५० मिली निघू लागलं तर पुढची चिंता उरत नाही. "बाळाला दोन तासांनी १ मिलीच लागतं, मग एवढं काढून काय करू?" हा विचार महागात पडतो. १ किलोच्या बाळाला आज दिवसाला १२ मिली लागेल; तेच बाळ १.२ किलोचं होऊन पूर्ण फीडवर आलं की किलोमागे १५० मिलीच्या हिशोबाने १८० मिली, आणि पुढे वाढतच जाणार. पहिल्या दोन आठवड्यांत मागणी दाखवली नाही तर शरीर दूध कमी करतं, आणि ते नंतर वाढवणं फार कष्टाचं. कांगारू झाल्याबरोबर काढून बघा, त्या वेळी जास्त येतं.

प्रत्येक बाटलीवर बाळाचं नाव, तारीख, वेळ. खोलीच्या तापमानात ४ तास, फ्रिजमध्ये ४ दिवस, गोठवलेलं वितळल्यावर २४ तासांत वापरायचं आणि पुन्हा गोठवायचं नाही. रुग्णालयाचा नियम याहून कडक असेल तर तोच धरा. मायक्रोवेव्हमध्ये कधीही गरम करू नका.

वजनाबद्दल एवढंच: पहिल्या आठवड्यात ते घटतं, १० टक्क्यांपर्यंत सहज, आणि जन्मवजनावर यायला दोन आठवडे लागतात, फार लहान बाळांना त्याहून जास्त. नंतर किलोमागे रोज १५ ते २० ग्रॅम. एका दिवसाच्या आकड्यावरून रडायचं नाही आणि हसायचंही नाही, आठवड्याचा आलेख मागा.

९. सुई टोचताना बाहेर जाऊ नका

टाचेतून रक्त घेणं, कॅन्युला (सलाईनसाठी शिरेत घालायची बारीक नळी), डोळ्यांची तपासणी या सगळ्याने बाळाला दुखतं. थांबू का विचारा. डॉक्टरांच्या परवानगीने साधारण दोन मिनिटं आधी जिभेच्या टोकावर काढलेलं दूध किंवा रुग्णालयाचं तयार साखरेचं द्रावण थेंबभर देतात. साखरपाणी स्वतः बनवून द्यायचं नाही. सुईच्या वेळी तोच चौथ्या पायरीतला स्पर्श: हात-पाय दुमडून कवेत. टाचेतून रक्त कांगारूत असतानाही घेता येतं. काम संपलं की सगळे पांगतात, बाळ मात्र अजून सावरलेलं नसतं. तुमचा हात तेव्हाही तिथेच असू द्या, श्वास आणि रंग पूर्ववत होईपर्यंत.

१०. नळीकडून तोंडाकडे

नळीने फीड चालू असताना बाळाला रिकाम्या केलेल्या स्तनाशी धरा. ते चाटेल, हुंगेल, दोनदा चोखेल. एवढ्याने पोट भरत नाही, पण तोंड आणि पोट यांची सांगड बसते. खरं पाजणं सुरू झालं की घड्याळापेक्षा खुणा बघा: जागं आहे, हात तोंडाकडे, जीभ खाली. बाटली असेल तर बाळाला कुशीवर, डोकं थोडं उंच धरून द्या, आणि चार-पाच घोट झाले की बाटली खाली करून श्वासाला जागा द्या.

ओठांच्या कडेने दूध ओघळणं, भुवया चढणं, बोटं फाकणं, रंग बदलणं: थांबा. उरलेलं नळीने जाईल. बाटली हलवून, हनुवटी दाबून "तेवढं पाच मिली संपव" करणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. बाळ दूध श्वासनलिकेत ओढू शकतं, आणि स्तन किंवा बाटली जवळ आली की तोंड फिरवायला शिकतं.

११. घरी जाण्याआधी

साधारणपणे पेटीबाहेर तापमान टिकणं, सगळं दूध तोंडाने पिणं, वजन सलग वाढणं आणि काही दिवस श्वास न थांबणं, एवढं जमलं की सोडतात. शेवटच्या दिवसांत अंघोळ, औषध मोजणं, तापमान घेणं हे सगळं सिस्टरच्या देखत तुम्ही करा. रुग्णालयात बाळाला पालथं झोपवलेलं पाहिलं असेल, पण तिथे मॉनिटर होता. घरी नेहमी उताणं, सपाट, टणक गादीवर, आणि घरटं, उशी, मऊ खेळणी काही नाही.

घ्यायचे कागद: डिस्चार्ज सारांश, वजन आणि डोक्याच्या घेराचा तक्ता, मेंदूच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट, ऐकण्याच्या तपासणीचा रिपोर्ट, लसीकरणाची नोंद, औषधांची यादी (डोस मिलीमध्ये लिहून घ्या), आणि डोळ्यांच्या तपासणीचा कागद पुढच्या तारखेसह. ही शेवटची तारीख चुकवू नका. पहिली तपासणी बहुधा जन्मानंतर चौथ्या आठवड्याच्या आसपास होते, पण पडद्याचा आजार पुढे थोड्याच दिवसांत वाढू शकतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

वाढ बघताना दुरुस्त वय धरा: २८ आठवड्यांचं बाळ १२ आठवडे लवकर आलं, म्हणून सहा महिन्यांचं झाल्यावर त्याच्याकडून तीन महिन्यांच्या बाळाची अपेक्षा. दोन वर्षांपर्यंत असंच मोजतात. लसींसाठी मात्र जन्मतारखेपासूनचं वय चालतं, तिथे आठवडे वजा करायचे नाहीत.

श्वास २० सेकंद थांबला, ओठ निळे पडले, बाळ उठवूनही उठेना, दोन फीड नाकारले, किंवा तापमान ३६.५ च्या खाली जाऊन कांगारू देऊनही वर येईना, तर फोनवर विचारत बसू नका. बाळाला छातीशी बांधूनच थेट रुग्णालय गाठा.